घाटात धावणारे गाव

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची जन्मकथा, तिचा विक्रम आणि त्या विक्रमाने उभे केलेले प्रश्न

छत्रपती संभाजीनगरमध्ये 'सातारा' म्हटले, की पहिल्यांदा आठवतो तो शहराच्या दक्षिणेचा डोंगर, त्याच्या पायथ्याचे खंडोबाचे मंदिर आणि भोवती वाढत गेलेल्या वसाहती. मात्र, पावसाळा सरत आला, की धावण्याची आवड असलेल्यांच्या गप्पांमध्ये येणारा सातारा वेगळा असतो. तो येथून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलेला आहे. वर्षातून एका रविवारी सकाळी तेथील घाटातून वाहने नव्हे, तर माणसे चढतात आणि उतरतात. 'सातारा हिल हाफ मॅरेथॉन' या नावाने ओळखली जाणारी ही शर्यत २०१२ मध्ये सुरू झाली. अवघ्या तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, तिची नोंद गिनेस बुकात झाली.

एका मध्यम आकाराच्या, डोंगरांनी वेढलेल्या जिल्ह्याच्या गावाने हे कसे साधले, हा कुतूहलाचा विषय आहे. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे. गावाने गावासाठी सुरू केलेली शर्यत हजारोंची झाली, की ती कोणाची राहते? धावणाऱ्यांची, गावाची, की डोंगराची?

भाकरीसाठी धावणे, हौसेसाठी धावणे

महाराष्ट्राला लांब पल्ल्याचे धावणे नवे नाही. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडा मेळाव्यात अनवाणी धावणारे खेडुत पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले होते. शर्यतीचे नियम ठाऊक नसलेल्या, शास्त्रशुद्ध शिक्षण न मिळालेल्या या तरुणांची वेळ युरोपातील धावपटूंच्या जवळ जाणारी आहे, हे त्यांच्या लक्षात आले. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू पाठवण्याची कल्पना पुढे आली. त्या चमूतील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. ऑलिंपिकच्या इतिहासातील ती सर्वांत लांब मॅरेथॉन मानली जाते.

तरीही पुढची अनेक दशके सर्वसामान्य मराठी घरात धावणे हा छंद नव्हता. धावायचे ते शाळेच्या मैदानावर किंवा भरतीसाठी. आजही कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे पाचला गेले, तर डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुला-मुलींचे जथे दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सैन्यभरतीतही १६०० मीटरची धाव उमेदवाराचे भवितव्य ठरवते. या मुलांच्या लेखी काही सेकंदांचा फरक म्हणजे नोकरी मिळणे किंवा न मिळणे. त्यांच्या पायांत महागडे बूट नसतात आणि मनगटावर नाडी मोजणारे घड्याळही नसते.

हौसेने धावण्याची लाट शहरांतून आली. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली. मुंबई मॅरेथॉन १५ फेब्रुवारी २००४ रोजी पहिल्यांदा झाली आणि चित्र पालटले. बँकेतील अधिकारी, डॉक्टर, गृहिणी, निवृत्त शिक्षक अशी सगळी मंडळी छातीवर क्रमांक लावून रस्त्यावर उतरली. मधुमेह आणि रक्तदाबाने चाळिशीतच गाठलेल्या मध्यमवर्गाला धावण्यात एक उपाय दिसला. मुंबईला जाऊन धावून आलेली माणसे आपापल्या गावी परतली आणि त्यांनी तेथे गट बांधले. राज्यातील अनेक जिल्ह्यांच्या शर्यतींचे मूळ या परतीच्या प्रवासात आहे.

भूमी लढवय्यांची

साताऱ्यात या लाटेला तयार जमीन मिळाली. १७०८ मध्ये छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथेच झाला आणि १८४८ मध्ये इंग्रजांनी संस्थान खालसा करेपर्यंत हे राजधानीचे गाव होते. सैनिकी परंपरा येथे आजही जिवंत आहे. पहिल्या महायुद्धात ४६ सैनिक गमावलेले अपशिंगे हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. देशातील पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली, ती साताऱ्यातच. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक १९५२ मध्ये हेलसिंकी येथे मिळवून देणारे पैलवान खाशाबा जाधव याच जिल्ह्यातील गोळेश्वरचे.

धावण्याच्या बाबतीत या जिल्ह्याने दिलेले सर्वांत मोठे नाव म्हणजे ललिता बाबर. दुष्काळी माण तालुक्यातील मोही या गावातून आलेल्या ललिताने २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांच्या गटात पहिला क्रमांक मिळवला. त्यानंतर ती ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचून दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषाने अंतिम फेरी गाठली होती. त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत धावणारी ती पहिलीच भारतीय महिला ठरली.

अशा जिल्ह्यात डॉ. संदीप काटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सातारा रनर्स फाउंडेशन'च्या माध्यमातून धावण्याची चळवळ सुरू केली. प्रशिक्षकाच्या शिट्टीवर धावणारा खेळाडू त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. बसून काम करणारा, व्यायाम सुटलेला सामान्य नागरिक होता. चळवळ टिकवायची, तर तिला वर्षातून एकदा येणारे निश्चित उद्दिष्ट हवे. नुसते 'रोज धावा' असे सांगून फारसे कोणी धावत नाही. पण अमुक रविवारी घाट चढायचा आहे, असे ठरले, की माणूस चार-सहा महिने आधीच पहाटेचा गजर लावू लागतो. २०१२ ची पहिली शर्यत या गरजेतून आली.

मार्ग असा आहे

अर्धमॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. बहुतेक शहरे या अंतरासाठी सपाट रस्ता शोधतात, कारण सपाट रस्त्यावर वेळ चांगली लागते. साताऱ्याने नेमके उलटे केले. पोलीस परेड मैदानावरून निघालेले धावपटू पोवई नाक्यामार्गे शहरात शिरतात. जुन्या पेठांतून समर्थ मंदिराकडे जातात आणि बोगद्याजवळून कासच्या रस्त्याला लागतात. तेथून सुरू होतो यवतेश्वरचा घाट. डोंगरावर ठरलेल्या ठिकाणी वळसा घालून त्याच वाटेने पुन्हा मैदानावर यायचे. म्हणजे साधारण अर्धी शर्यत वर जाण्यात आणि अर्धी खाली येण्यात संपते.

या मार्गाचे दोन फायदे आहेत. एक तांत्रिक आहे. रस्त्यावरील विक्रम मान्य होण्यासाठी सुरुवात आणि शेवट यांतील उतार दर हजार मीटरला सरासरी एक मीटरपेक्षा जास्त असू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जेथून निघाले तेथेच परत येणाऱ्या शर्यतीत चढ आणि उतार एकमेकांना छेद देतात. त्यामुळे मधे कितीही मोठा डोंगर असला, तरी उताराचा गैरफायदा घेतल्याचा आक्षेप राहत नाही.

दुसरा फायदा माणसांचा आहे. जाणारे आणि येणारे समोरासमोर येतात. पहिल्या क्रमांकासाठी झुंजणारा धावपटू उतरत असतो, तेव्हा पहिल्यांदाच सहभागी झालेली पन्नाशीची गृहिणी चढत असते. मैदानी खेळात अव्वल खेळाडू आणि सामान्य नागरिक एकाच रस्त्यावर, एकाच वेळी असण्याचा प्रसंग फारसा येत नाही. क्रिकेटपटूबरोबर खेळण्याची संधी त्याच्या चाहत्याला मिळत नाही. घाटात ती मिळते.

काळही असा निवडलेला, की निसर्ग आपणहून पाहुण्यांचे स्वागत करतो. सप्टेंबरच्या सुमारास सह्याद्रीवर धुके उतरलेले असते, कडे हिरवेगार असतात, ओहोळ वाहत असतात. याच रस्त्याने पुढे गेल्यावर येणारे कास पठार तेरडा, सीतेची आसवे, गेंद अशा फुलांनी भरू लागलेले असते. योगायोगाची गोष्ट अशी, की युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश झाला तो २०१२ मध्येच. डोंगराचे मोल जगाने मान्य केले आणि त्याच वर्षी गाव त्या डोंगरावर धावू लागले.

चढ दम काढतो, उतार पाय मोडतो

घाटातील शर्यत सपाट शर्यतीपेक्षा नेमकी कशी वेगळी, हे समजून घेण्यासारखे आहे. चढावर प्रत्येक पावलाला शरीराचे वजन वर उचलावे लागते. स्नायूंना अधिक प्राणवायू हवा असतो, म्हणून हृदयाचे ठोके आणि श्वास दोन्ही झपाट्याने वाढतात. सपाटीवरचा वेग घाटातही टिकवण्याचा हट्ट धरणारा धावपटू थोड्याच अंतरात दमून जातो. अनुभवी माणूस पावले आखूड टाकतो, शरीर किंचित पुढे झुकवतो आणि घड्याळाऐवजी श्वासावर लक्ष ठेवतो. दोन-चार शब्द बोलता येत असतील, तर वेग ठीक आहे, ही साधी कसोटी आहे. चढावर काही अंतर झपाझप चालणे यात कमीपणा मानला जात नाही.

नवखा धावपटू चढाला घाबरतो आणि उताराची वाट पाहतो. खरा घात तेथेच होतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा वेग आवरण्याचे काम करतात. ताण आणि आकुंचन एकाच वेळी घडत असल्याने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणूनच शर्यतीच्या दिवशी आनंदात असणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा घट्ट धरतो. गुडघे आणि घोटे यांवरचा आघातही उतारावर जास्त असतो. त्यातच पावसाळी ओला रस्ता. त्यामुळे या शर्यतीची तयारी म्हणजे केवळ किलोमीटर वाढवणे नव्हे. उतारावर धावण्याचा वेगळा सराव आणि मांड्या-पोटऱ्या बळकट करणारे व्यायाम त्यात अनिवार्य ठरतात.

हवेचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात तापमान कमी असले, तरी दमटपणामुळे घाम लवकर सुकत नाही आणि शरीर थंड होण्यास वेळ लागतो. पाणी कमी पिणे जसे धोक्याचे, तसेच तहान नसताना पाणी ढोसत राहणेही धोक्याचे असते. रक्तातील सोडियमचे प्रमाण त्यामुळे घसरू शकते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत पाण्याबरोबर क्षारयुक्त पेये ठेवतात, ती यासाठीच.

विक्रमाचे वर्ष

पहिल्या दोन-तीन वर्षांतच शर्यतीची कीर्ती जिल्ह्याबाहेर गेली. पुणे-मुंबईच्या धावपटूंना रस्त्याने सहज गाठता येईल असा घाट, थंड हवा आणि पाहुणचार करणारे गाव एकत्र मिळाले. २०१५ मध्ये एकाच डोंगरावरील धावेत सर्वाधिक लोकांनी भाग घेण्याचा विक्रम साताऱ्याच्या नावावर गिनेस बुकात नोंदवला गेला. नोंदीतील आकडा होता २,६१८.

साताऱ्याच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ मोठा होता. पुण्याच्या सावलीत वाढलेल्या गावाला स्वतःची अशी ओळख मिळाली. हॉटेले, लॉज, घरगुती निवास, कंदी पेढ्यांची दुकाने यांना वर्षातला एक हमखास गर्दीचा आठवडा मिळाला. नोंदणी सुरू होताच जागा भरू लागल्या. पुढे सहभाग कित्येक हजारांवर गेला. आफ्रिकेतील कॉम्रेड्ससारख्या चढ-उताराच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या भारतीय धावपटूंच्या वेळापत्रकातही साताऱ्याने स्थान मिळवले.

एका रविवारची शर्यत किती लोकांच्या श्रमांवर उभी असते, याची कल्पना धावणाऱ्यांनाही पुरेशी नसते. अंतर मोजण्याचे काम प्रमाणित केलेल्या सायकलने करतात. चाकाच्या फेऱ्या मोजणारे यंत्र तिला बसवलेले असते आणि मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजार मीटरमागे एक मीटर जादा धरतात. प्रत्येकाच्या क्रमांकपट्टीवरील चिप सुरुवातीच्या व शेवटच्या रेषेवरची वेळ आपोआप नोंदवते. रस्ता बंद करण्यासाठी पोलीस, नगरपालिका, बांधकाम विभाग यांच्याशी महिनोन्महिने बोलणी चालतात. ठराविक अंतरावर पाणी, केळी, संत्र्याच्या फोडी, बर्फ आणि वेदनाशामक फवारे घेऊन स्वयंसेवक पहाटेपासून उभे राहतात. रुग्णवाहिका आणि डॉक्टर यांची रचना घाटाचे वळण पाहून करावी लागते, कारण गर्दीत वर अडकलेल्या रुग्णाला खाली आणणे हे सपाट रस्त्याइतके सोपे नसते.

या सगळ्यांत पैशाने विकत घेता न येणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा उभे राहणारे गाव. ढोल-ताशे, टाळ्या, अनोळखी माणसाला दिलेली हाक यांवर दमलेला धावपटू शेवटचे तीन किलोमीटर काढतो. जो उत्सव गावाला आपला वाटत नाही, तेथे खुर्च्या आणि कमानी असतात, पण टाळ्या नसतात.

दोन परदेशी उदाहरणे

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गावाने शर्यत जोपासण्याचे प्रयोग जगात इतरत्रही झाले आहेत. त्यांचा इतिहास साताऱ्याला उपयोगी पडणारा आहे.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात मॅनिटू स्प्रिंग्ज नावाचे छोटे गाव आहे. तेथून 'पाइक्स पीक' या शिखरावर जाऊन परत येण्याची मॅरेथॉन १९५६ मध्ये सुरू झाली. तिच्यामागेही एक डॉक्टरच होते. धूम्रपानाचे घोर विरोधक असलेले आर्न सुओमिनेन यांनी सिगारेट ओढणाऱ्यांना डोंगर चढून-उतरून दाखवण्याचे आव्हान दिले. पहिल्या शर्यतीत अवघे तेरा जण धावले. त्यांतील धूम्रपान करणाऱ्यांपैकी एकालाही पूर्ण शर्यत पार करता आली नाही. ही शर्यत पुढे जगप्रसिद्ध झाली. मात्र, वाट अरुंद आणि शिखर उंच असल्याने सहभागावर मर्यादा ठेवण्यात आली. संख्या वाढू न देणे हाच तेथील प्रतिष्ठेचा भाग बनला.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्सचे. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपहॅम या माजी सैनिकाने २४ मे १९२१ रोजी ही सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत सुरू केली. दर्बान आणि पीटरमॅरित्झबर्ग या दोन गावांमधील टेकड्यांवरून ती जाते. पहिल्या वर्षी ३४ जण निघाले आणि १६ जण पोहोचले. आज ती जगातील सर्वांत जुनी आणि सर्वांत मोठी अतिदीर्घ धाव आहे. पण तिच्या इतिहासात एक काळे पान आहे. ती सहकाऱ्यांच्या नावाने सुरू झाली, तरी कृष्णवर्णीयांना आणि महिलांना अधिकृत प्रवेश मिळाला तो १९७५ मध्ये. त्याआधी कृष्णवर्णीय धावपटू आणि महिला धावत होत्या, पण त्यांची नावे निकालात लागत नव्हती. रस्ता सर्वांचा असला, म्हणजे शर्यत सर्वांची होतेच असे नाही, हा धडा तेथून घेता येतो.

आपल्याकडे वर्णाची अट नाही. पण प्रवेशशुल्क, बूट, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च आहे. ज्या घाटात पहाटे भरतीची तयारी करणारा शेतकऱ्याचा मुलगा धावतो, त्याच घाटातील शर्यतीच्या दिवशी तो धावणाऱ्यांत असतो, की पाण्याचे पेले देणाऱ्यांत, हे पाहिले पाहिजे. स्थानिक विद्यार्थ्यांसाठी, भरतीच्या उमेदवारांसाठी राखीव आणि सवलतीच्या जागा ठेवणे हा उपकार ठरत नाही. घाट ज्यांचा आहे, त्यांना घाटाच्या उत्सवात वाटा देणे एवढाच त्याचा अर्थ आहे.

डोंगराची वहनक्षमता

साताऱ्यापुढे आज उभा असलेला प्रश्न यशातूनच आला आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात दररोज तीन हजार पर्यटकांची मर्यादा घालावी लागली आणि नोंदणी सक्तीची करावी लागली. फुले पाहायला येणाऱ्यांच्या पायांखालीच फुले तुडवली जात होती. शर्यत पठारापर्यंत जात नाही, त्याच्या बरीच अलीकडे वळते. तरीही कासचा रस्ता, यवतेश्वरचा डोंगर आणि पठार ही एकच साखळी आहे. साताऱ्याचे पिण्याचे पाणीही कासच्या तलावातून याच डोंगरावरून खाली येते. त्यामुळे घाटात पडलेला प्रत्येक प्लॅस्टिकचा पेला हा केवळ अस्वच्छतेचा विषय राहत नाही.

शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद असतो. पाहुण्यांना तो मोकळा आणि सुंदर वाटतो. पण डोंगरावरील गावांना साताऱ्याशी जोडणारा तोच मुख्य रस्ता आहे. दूध घेऊन उतरणारा, रुग्णाला दवाखान्यात नेणारा, बाजाराला निघालेला माणूस याच घाटाने येतो. एका सकाळची गैरसोय गावकरी आनंदाने सोसतात, कारण शर्यत त्यांना आपली वाटते. ही भावना गृहीत धरली गेली, तर ती फार काळ टिकत नाही.

सर्वांत गंभीर मुद्दा जिवाचा आहे. २०२२ मध्ये या शर्यतीत धावताना एका धावपटूचा मृत्यू झाला आणि धावण्याच्या वर्तुळात मोठी हळहळ व्यक्त झाली. लांब पल्ल्याच्या शर्यतींत असे प्रसंग जगभर क्वचित घडतात. ते पूर्णपणे टाळता येत नाहीत, पण त्यांची शक्यता कमी करता येते. चाळिशी ओलांडलेल्यांनी हृदयाची तपासणी करून घेणे, आधी सपाट रस्त्यावरील लहान शर्यती पूर्ण करणे, ताप किंवा सर्दी असेल तर पैसे भरले असले तरी न धावणे आणि छातीत दुखणे, चक्कर, अस्वाभाविक दम जाणवताच थांबणे, हे नियम साधे आहेत. सोबतचे मित्र धावत असताना थांबणे मात्र साधे नसते. समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकण्याच्या ओढीने वर्षभर न धावलेला माणूस घाटात उतरतो, तेव्हा तो चळवळीचा मूळ हेतूच उलटा करतो. आरोग्यासाठी सुरू झालेली शर्यत आरोग्याला धोका ठरू नये, याची जबाबदारी आयोजकांइतकीच धावणाऱ्याचीही आहे.

मोठ्या आकड्याचे आकर्षण सोडणे सोपे नाही. पुरस्कर्ते आकड्यांकडे पाहतात, वृत्तपत्रांचे मथळेही आकड्यांनीच सजतात. परंतु घाटाची रुंदी वाढत नाही. किती माणसांना सुरक्षितपणे वर नेऊन खाली आणता येईल, यावर संख्या ठरली पाहिजे.

संभाजीनगरचा डोंगर

सह्याद्रीत आता डोंगरी धावेचे आणखीही प्रकार रुजले आहेत. सिंहगड, राजगड, तोरणा या किल्ल्यांना जोडणाऱ्या पायवाटांवरून अतिदीर्घ अंतराची धाव होते. तेथे डांबर नसते, चिखल आणि कातळ असतो. मराठवाड्यातील वाचकाला मात्र या सगळ्याकडे दूरचे कौतुक म्हणून पाहण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला विद्यापीठामागे गोगाबाबा टेकडी आणि लेण्यांचा डोंगर आहे, दक्षिणेला साताऱ्याची डोंगररांग आहे आणि पश्चिमेला देवगिरी किल्ल्याला वळसा घालून खुलताबादकडे चढणारा दौलताबादचा घाट आहे. पहाटे टेकडीवर चढणाऱ्यांची या शहरात कमतरता नाही.

गुणवत्तेचीही वाण नाही. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी शाळेसाठी रोज मैलोन्मैल पायपीट करत असे. पुढे तो सैन्यात गेला आणि तेथे त्याच्यातील धावपटू घडला. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. २०२० मध्ये दिल्लीत त्याने अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला होता. दुष्काळी माणची ललिता आणि दुष्काळी आष्टीचा अविनाश या दोघांचीही सुरुवात कोणत्याही महोत्सवात झाली नाही. पण त्यांच्यासारखी मुले गावोगाव आहेत आणि त्यांना पाहणारा, हेरणारा, पुढे नेणारा समाज हवा आहे. १९१९ मध्ये ते काम दोराबजींच्या नजरेने केले. आज ते काम गावाची शर्यत करू शकते.

साताऱ्याकडून घ्यायचा तो विक्रम नव्हे, तर त्याआधीची तीन वर्षे. काही डॉक्टर, काही व्यापारी, काही शिक्षक आपल्या गावाला अंथरुणातून उठवतात, घाट दाखवतात आणि वर्षभर त्यांच्याबरोबर धावतात, एवढ्यावर ती शर्यत उभी राहिली. कमानी, चिप आणि पदके नंतर आली. येथील खंडोबाच्या साताऱ्यालाही डोंगर आहे. त्यावर उगवतीला चढणारी माणसेही आहेत. त्यांनी उद्या शर्यत भरवली, तर ती किती मोठी झाली हे विचारण्याआधी त्या डोंगराच्या पायथ्याची मुले तिच्यात धावली का, हे विचारावे.